आंबलेल्या द्राक्षांचा वास

वायनरीत काम करते म्हटलं की आपल्या लोकांचे डोळे चमकतात. हातात ग्लास, मागे मावळता सूर्य वगैरे. प्रत्यक्षात मी दिवसभर रबरी बूट घालून क्रेट धुते.

द्राक्षं आली की सडकी वेचायची, पाइप धुवायचे, टाक्या घासायच्या. लाल द्राक्षांचा रस आंबू लागला की साली फुगून वर येतात. त्या लांब दांड्याच्या दट्ट्यानं परत खाली दाबायच्या. सकाळी, दुपारी आणि घरी निघताना. खांदे भरून येतात, केसांत चिलटं अडकतात. नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आलेल्या बाईसाठी आइंडहोवनमध्ये कुणी पायघड्या घालून बसलं नव्हतं, म्हणून हे काम धरलं. वाइनचा थेंबही कधी पोटात गेला नाही. मालक रोज चव बघायला बोलवायचा, मी रोज नको म्हणायची. शेवटी त्यानं नाद सोडला.

त्या ऑक्टोबरात आई पुण्याहून आली होती. माझे वडील दारूनं गेले. दारूला न शिवण्याचं पाचवं शील आमच्याकडे नुसतं बुद्धवंदनेत म्हणायचं नव्हतं, आईनं त्याच्याच जोरावर मला वाढवलं. पहिल्या संध्याकाळी मी कामावरून आले, तर मला जवळ घ्यायला आलेली ती मध्येच थांबली.

“कसला वास येतोय गं?”

“द्राक्षांचा. टाकीत आंबतात ना.”

“हा वास मला नको शिकवूस.”

मी डोक्यावरून आंघोळ केली, कपडे बाल्कनीत टाकले. वास काही जाईना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे कळत होतं, तरी संताप यायचा. चाळिशीची बाई मी, आणि रोज संध्याकाळी आई खिडकीत उभी राहून मी सायकल नीट लावते का, सरळ चालते का, ते बघायची. एकदा मी चिडून म्हटलं, “फुंकून दाखवू का?” ती हसली नाही. परत जायच्या आधी तिनं एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढंच मला हवं होतं.

हंगाम संपत आला होता. टाकीजवळच्या ओल्या फरशीवर माझा पाय सटकला. गुडघा टम्म सुजला आणि हातातली बादली अंगावर उपडी झाली. आंबलेल्या रसानं मी केसांपासून बुटांपर्यंत भिजले. मालकानं गाडीतून गल्लीच्या तोंडाशी सोडलं. तिथून कुंपणांना धरत, झोकांड्या खात मी घरापर्यंत आले. वर पाहिलं तर खिडकीत आई होती.

किल्ली फिरली, पण दार उघडेना. आतून कडी लावलेली होती.

“आई, उघड गं. पडले मी कामावर. पाय दुखतोय.”

“जावई येऊ देत. मग उघडते.”

“मी प्यायले नाहीये, आई!”

आतून माझ्या लेकीचा रडवेला आवाज आला. “आजी, ओपन द डोअर. इट्स मम्मा!”

“श्श. बोलू नकोस,” आई तिला हळू आवाजात म्हणाली. “थोडा वेळ ओरडेल, मग दमून झोपेल.”

हे शब्द मला पाठ होते. तेव्हा दाराबाहेर वडील असायचे आणि आत तिच्या कुशीत मी. मी दार वाजवायचं थांबवलं.