तीन तासांचा चढ

डोंगरातल्या त्या लॉजची स्वयंपाकीण बावीस वर्षं एकाच खिडकीशी उभी होती. खिडकीतून समोरचा सुळका दिसायचा. त्यावर ती कधी गेली नव्हती, पण वाट तिला तोंडपाठ होती. कारण तळ्यात होडी वल्हवून, सायकली दामटून, सुळका चढून आलेले पाहुणे संध्याकाळी बटाट्याच्या गरम सुपात पाव बुडवत सगळी वाट तोंडाने पुन्हा चालायचे. सकाळी नवे पाहुणे आले की मावशी, म्हणजे सगळ्यांचीच मावशी, तेच त्यांना स्वतः चढून आल्यासारखं ऐकवायची.

"आधी ओढा, तिथे अंडी खायची. मग वाकडं झाड, डावीकडे वळायचं. केक मात्र माथ्यावर. तीन तास, अगदी छातीवरचा चढ." शेवटचं वाक्य ती पाहुण्यांच्याच आवाजात म्हणायची, धापेसकट.

त्या सकाळी तिनेच पुसलेल्या ओल्या फरशीवर वाटाड्या घसरला. वाटाड्या म्हणजे तिचा थोरला भाऊ. घोटा टम्म सुजला. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको बूट घालून तयार.

"मावशी आहेत की," डॉक्टर म्हणाले. "त्यांना वाट पाठ आहे."

मावशीचा झारा हवेतच राहिला. नाही म्हणावं तर बावीस वर्षांचं बिंग फुटणार. मग तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

"जाऊ नकोस," दादा कुजबुजला. "तुला झेपायचं नाही."

एवढं ऐकलं आणि तिने एप्रन सोडला.

व्हरांड्यात डॉक्टरांच्या सासूबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. "आजी, तुम्ही आपल्या खालीच बऱ्या," असं कालच मावशीने त्यांना बजावलं होतं. आता त्यांच्याकडे न बघता ती पायऱ्या उतरली.

दहा मिनिटांत ओढा आला. मावशीला वाटलं, हा दुसराच कुठला तरी असणार. अंडी खाल्ली. त्यांची चव तोंडात असतानाच वाकडं झाड दिसलं. मावशी मटकन दगडावर बसली.

"डॉक्टर, आपण चुकलोय. आणि खरं सांगते, मी इथे कधी आलेच नाहीये. सगळं ऐकीव."

डॉक्टर झाडाकडे बघत राहिले. बायको म्हणाली, "पण ओढा लागला, झाड हे उभं आहे, डावीकडे वाटही आहे. चुकलो कुठे?"

"फार लवकर आलो ना."

मग डॉक्टरांनाच हसू फुटलं. "मावशी, सूप पिताना खरं कोण बोलतं?"

पाऊण तासात माथा. खाली तिची खिडकी काडेपेटीएवढी दिसत होती. त्या काडेपेटीत आपण बावीस वर्षं उभ्या होतो, असं मनात आलं आणि केकचा घास तिने जरा जास्तच वेळ चघळला.

परतल्यावर ती आधी दादासमोर जाऊन उभी राहिली. "पाऊण तास?"

दादाने घोट्यावरचा ओला फडका उगाचच नीट केला. "सोपं आहे म्हटलं असतं, तर मला कोणी नेलं असतं, बाई?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

ती मान हलवत सुपाकडे गेली.

रात्रीच्या जेवणाला नवं कुटुंब आलं होतं. डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला आणि हात पसरले. "काय सांगू, तीन तास, अगदी छातीवरचा..."

"पाऊण," मावशी सूप वाढता वाढता म्हणाली. "मध्ये अंडी खाऊन."

टेबलाच्या टोकाला सासूबाईंनी विणकाम पिशवीत घातलं. "मावशी, माझा डबा कधी बांधताय?"

"उद्या सातला. दोन बांधते, आजी. एक माझा."