वजा दोन आणि साहेबांचा सदरा

थळजवळच्या ज्युनिअर कॉलेजात सगुणा मॅडमनी सगळी नोकरी एका वाक्यावर काढली: "उत्तर आलं? मग ठेवून बघ." लॉगचं समीकरण सोडवताना लॉग निघून जातो, मागे साधं वर्गसमीकरण उरतं आणि उत्तरं दोन येतात. पोरं दोन्ही लिहून मोकळी होतात. पण लॉगला वजा संख्या चालत नाही. तसलं उत्तर मूळ समीकरणात ठेवलं की तोंडघशी पडतं. न ठेवता लिहिणाऱ्याला मॅडम लाल रेघ मारून शून्य देत. घरी नवऱ्याने ताजे म्हणून आणलेले बांगडेही त्या कल्ले उघडून बघत. बाई भारी खडूस, असं गाव म्हणे, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी त्यांना 'आदर्श शिक्षिका' ठरवण्यात आलं. का, ते संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनाच ठाऊक. नाक्यावर फ्लेक्स लागला: साहेब कमरेपासून वर, मॅडम पासपोर्ट फोटोएवढ्या, आणि शोभेला एक सोडवलेलं समीकरण. लॉग क्ष अधिक लॉग (क्ष वजा तीन) बरोबर एक. उत्तर: पाच आणि वजा दोन.

वजा दोन वाचून मॅडम तडक शिडीपाशी गेल्या.

फ्लेक्स लावणारा प्रज्योत त्यांचाच जुना विद्यार्थी. "मीच सोडवलंय मॅडम," तो लाजत म्हणाला.

"ठेवून बघितलंस?"

"एकच उत्तर टाकलं तर साहेबांच्या अंगावर मोकळं दिसतं." वजा दोन खरोखरच साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर छापलं होतं. "आता साहेबांचा फोटो हाय, हात लावता येत न्हाय. सत्कार झाला की काढतो."

तोवर वर्गात चाचणी झाली. झाडून सगळ्यांनी दोन्ही उत्तरं लिहिली. मॅडमनी लाल पेन उचललं तशी अमिषा उभी राहिली. "मॅडम, नाक्यावर तुमच्याच फोटोखाली हाय ना?" मॅडमनी पेनाला टोपण लावलं. नोकरीत पहिल्यांदा त्यांना वर्गात उभं राहायची लाज वाटली.

सत्काराच्या सकाळी त्यांनी पदर खोचला, नाक्यावर स्टूल ठेवलं आणि लाल ऑइलपेंटने वजा दोनवर रेघ ओढली. ती साहेबांच्या छातीवरून आरपार गेली.

दुपारपर्यंत साहेबांचा घोर अवमान झाला होता. शाल, नारळ, खुर्च्या, मांडव सगळं तयारच होतं, म्हणून त्याच मुहूर्तावर जीवशास्त्राचे सर आदर्श निघाले. फ्लेक्स मात्र पुरावा म्हणून जागेवर ठेवा, असा वरून हुकूम आला. येता-जाता पोरं ती रेघ बघत राहिली.

पुढच्या परीक्षेत अमिषाने वजा दोन खोडलं होतं.

"रेघ बघून खोडलंस ना?" मॅडमनी विचारलं.

"छे! तुमची रेघ तरी बरोबर हाय का, म्हनून ठेवून बघितलं."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी तिला पैकीच्या पैकी दिले, आणि सवयीने बेरीज पुन्हा एकदा करून बघितली.