आपा कूलर बंद करायची

भर दुपारी मोबाइलवर नवाबचं नाव दिसलं. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. नवाब हा अजमानमागच्या वाळूत, रुकय्याआपाच्या फार्मवर जनावरं सांभाळणारा मुलतानचा माणूस. जूनमध्ये दुपारी तो फोन करणार तो एकाच कारणासाठी. मी मीटिंग सोडून बाहेर आले आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "कूलर बंद हुआ क्या?" तो म्हणाला, "नहीं मॅडम, कूलर चालू है... बाजी नहीं रहीं." खरं सांगते, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. कूलर चालू आहे एवढंच डोक्यात शिरलं होतं. पुढचे शब्द लिफ्टपाशी पोचल्यावर कळले. त्याची बाजी, म्हणजे आमची आपा, शेडमध्ये तिच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर वाळक्या गवताची पेंढी होती. नवाबला वाटलं, डुलकी लागली असेल.

त्याला आता काही आठवडे झाले. आपाबद्दल लिही असं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण बसले की डोळ्यांपुढे आधी तो कूलरच येतो. आपा बाणकोट खाडीच्या काठच्या गावातली. लग्न होऊन अजमानला आली ती कायमचीच. नवरा एका अरबाच्या कचेरीत कारकून होता. त्या अरबाच्या नातवंडांनी हौसेनं अल्पाका आणवले होते. दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांतलं हे जनावर, उंटाच्याच कुळातलं, पण बकरीपेक्षा थोडं मोठं, लांब मानेचं आणि अंगभर लोकरीचं. नातवंडांची हौस फिटली आणि जनावरं आपाच्या नवऱ्याच्या गळ्यात पडली. तो वारल्यावर सगळ्यांना वाटलं, आता बाई ती देऊन टाकेल आणि कॅनडाला मुलाकडे जाईल. आपानं उलट शेडच्या भिंती जाड करून घेतल्या. "थंडीतली पोरं आहेत ती," ती म्हणायची, "त्यांना कोणी विचारून आणलं होतं का इकडे? मला तरी कुठे विचारलं होतं."

आमची पहिली भेट मराठी मंडळींच्या सहलीत झाली. माझी मुलगी मिहिका तेव्हा लहान होती. ती कुंपणाला नाक लावून म्हणाली, "आई, इट्स स्मायलिंग ॲट मी." मी तिच्या मागे चार हात लांब उभी. मी मुळातच भित्री आहे. लिफ्ट अडकेल, गॅस चालू राहिला असेल, व्हिसाचं काही निघेल... भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्या मागे भाड्यानं राहतो. त्यात एका जनावरानं आमच्या ह्यांच्या शर्टावर हिरवीगार थुंकी टाकली. सगळे हसले आणि मी गाडीत जाऊन बसले. आपा काचेवर टकटक करत आली. "काय गो, तुला भीती वाटते?" मी हो म्हटलं. "मग तू कामाची आहेस," ती म्हणाली. "न घाबरणारी माणसं दार उघडं टाकून जातात." दुसऱ्या भेटीत तिनं मला अगंतुगं करायला लावलं आणि शेडच्या तापमानाचा अलार्म माझ्याही मोबाइलवर टाकून घेतला. तिथून माझी झोप गेली.

थंडीच्या दिवसांत मात्र ते फार्म म्हणजे आमचं माहेर होतं. शनिवारी विशेष मुलांच्या शाळेची बस यायची. एरवी कोणाला अंगाला हात लावू न देणारी मुलं त्या लोकरीत कोपरापर्यंत हात खुपसून उभी राहायची. मार्चमध्ये, उन्हाळा तोंडावर यायच्या आत, लोकर कातरायचा दिवस असे. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून गाड्या भरून मंडळी यायची, अजमानमधल्या आपाच्या नात्यातल्या बायका सांदणं आणि मटणाचा टोप घेऊन यायच्या. जनावराला आडवं करून पाय दोरीनं ताणून धरायचे, एकानं कातरायचं आणि एकानं डोकं धरून बसायचं. डोकं धरायचं काम आपानं मला दिलं. नवरी नावाची पांढरी अल्पाका होती, ती घाबरून घशातल्या घशात हूंऽ हूंऽ करत होती आणि तिचा एवढा मोठा काळा डोळा माझ्यावर खिळला होता. माझे हात लटपटायला लागले. "आपा, हिला कळतंय मी घाबरलेय." कातर न थांबवता आपा म्हणाली, "कळू दे की. हात कापले तर कापू दे, सोडू नको फक्त." त्या लोकरीच्या छोट्या उशा शिवून आम्ही त्या शाळेला देत असू. एक उशी मिहिकाच्या पलंगावर अजून आहे.

उन्हाळा सुरू झाला की मंडळी पांगायची. फार्मवर उरायचे आपा, नवाब आणि तो कूलर. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा गेलेला असताना एका जाड भिंतींच्या खोलीत जनावरं जगत होती ती त्या घरघरणाऱ्या यंत्राच्या भरवशावर. गेल्या ऑगस्टमध्ये एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर काही केल्या सुरू होईना. माझ्या मोबाइलवर अलार्म वाजला तेव्हा मी, आमचे हे आणि शेजारचा संदीप असे तिघं तिकडे धावलो. पोचलो तेव्हा जनावरं तोंडं उघडी टाकून धापत होती. संदीप मूळचा कोल्हापूरचा, म्हशींच्या घरातला. त्यानं पाइप घेतला आणि म्हशीला धुवावं तसं पाठीवर पाणी सोडलं. "पाठीवर नको!" आपा ओरडली. तिला ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं. पाठीवरची लोकर भिजली की आतली उष्णता आतच कोंडते. पाणी मारायचं ते पोटाखाली आणि पायांवर. आम्ही वाळूत गुडघे टेकून पोटाखाली पाणी मारत राहिलो. वीज आली तोवर कोकम नावाचा म्हातारा नर गेला होता. संदीप रडत होता. आपानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "यल्ला, चल, बाकीचे उभे आहेत, त्यांच्याकडे बघ." काय काळजाची बाई आहे, असं मला वाटलं. वाघीण.

त्यानंतर तिनं ती सवय लावून घेतली. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी ती कूलर बंद करायची. मुद्दाम. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. "आपा, परत सुरू झाला नाही तर?" ती बोटानं गप्प करायची. कूलरच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही, हे तिचं म्हणणं. जनावर कण्हत असलं, श्वास भरभर चालला असला, तरी त्या आवाजाखाली दडून जातं. म्हणून थोडा वेळ बंद करायचा आणि ऐकायचं. ती शांतता मला अजून स्वप्नात येते. पंख्याचं पातं हळूहळू थांबायचं, भिंतीतून ऊन आत येतंय असं वाटायला लागायचं. आपा एकेका जनावराच्या नाकाशी जाऊन कान द्यायची. सगळी झाली की खांबाला तळहात टेकून, डोळे मिटून उभी राहायची. बटणाकडे जायचीच नाही. मी कासावीस. "आपा, सगळी ठीक आहेत ना? कर आता चालू." डोळे न उघडता ती म्हणायची, "थांब. एक राहिलंय." मी मान वळवून बघायची, तर सगळी निवांत रवंथ करत असायची. कोण राहिलंय ते मला कधी दिसलं नाही. दुवा मागत असेल असं मी समजून चालले. मग कधीतरी ती सुस्कारा सोडून बटण दाबायची, कूलर कण्हत सुरू व्हायचा आणि ती म्हणायची, "खलास. झालं."

आपाचा मुलगा इम्रान दफनानंतर दोन दिवस फार्मवर बसून होता. "मावशी," तो म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये अल ऐनचे एक जण सगळी जनावरं घेऊन जातील. आत्ता या हीटमध्ये ट्रान्सपोर्ट इज इम्पॉसिबल. तेवढे महिने कोणी बघितलं तर..." मी हो म्हणून बसले. माझ्यासारख्या बाईनं हो म्हणणं म्हणजे... आमचे हे नुसते बघत राहिले. तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी रोज अजमानला जाते. प्रत्येक फोनला दचकते. जेवताना ढगासारखं काही आलं तरी वीज जाईल असं वाटतं. सगळं आपासारखं करते, फक्त कूलर बंद करायचं माझ्यानं होत नव्हतं. बटणाजवळ गेलं की कोकमचं उघडं तोंड दिसायचं.

परवा नवरीनं गवताला तोंड लावलं नाही. कोपऱ्यात मान टाकून बसली होती. मी जवळ वाकले, पण त्या घरघरीत मला तिचा श्वास ऐकू येईना. नवाब माझ्याकडे बघत होता. दुसरा इलाज नव्हता. मी मानेनं खूण केली आणि त्यानं बटण बंद केलं.

पातं थांबलं. शेडमध्ये ती शांतता पसरली आणि तिच्यात मला स्पष्ट ऐकू आलं, कोणाचा तरी श्वास भरभर, धापा टाकल्यासारखा चालला होता. मी नवरीच्या नाकाशी कान नेला. संथ होता. शेजारी बसलेल्या काजू नावाच्या अल्पाकाचा पाहिला, बाकीच्यांचा पाहिला, सगळ्या भिंतींच्या कडेनं फिरले. सगळी जनावरं शांत होती. नवरीनंही एव्हाना मान उचलून पेंढीतली एक काडी ओढली होती. आणि तो भरभर श्वास माझ्याबरोबर फिरत होता... मी आपाच्या खांबापाशी येऊन थांबले. तिच्या तळहाताच्या उंचीवर खांब गुळगुळीत होऊन रंग उडाला होता. तिथं हात टेकला, डोळे मिटले, आणि ती वाघीण रोज इथं उभी राहून काय ऐकत होती ते मला कळलं.

"मॅडम, चालू करूँ?" नवाबनं विचारलं.

"रुको," मी म्हटलं, "एक बाकी है."

त्यानं बटणावरचा हात खाली घेतला. कोण बाकी आहे, ते त्यानं विचारलं नाही.