गारांतलं कांडण

भूत, चकवा, लागीर... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही आणि मी आहे तोवर लागणारही नाही. उभी नोकरी नर्स म्हणून जंगलात काढली. घरचे चेष्टा करतात, हिला भूत भेटलं तर ही आधी त्याचा ताप बघेल! तरी आज लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. आणि न सुटलेलं काही उरलं की माझी फार चिडचिड होते.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला बराच अवकाश होता. नागपूरला ट्रेनिंग करून मी एटापल्लीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. डॉक्टर अधूनमधून यायचे. बाकी सगळा कारभार माझ्यावर.

चैत्र लागला होता. तिकडचा चैत्र म्हणजे पक्का लहरी. पहाटे पांघरूण लागायचं, दुपारी पाय भाजायचे, आणि डोंगरामागून ढग चढले की पुढे काय होईल ते कोणी सांगू शकायचं नाही. मोहाचे दिवस होते. पडलेली फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यामुळे उतारच्या उतार काळे पडले होते.

सकाळी मंगरू आला. डोंगरापलीकडच्या गावातला गोंड माणूस, तरणाताठा, धावत आलेला. मला ओळखत होता.

"बाई, चला ना जी. माही बायको... पोरगं झालं पहाटे, पन वार नाई पडली. रगत थांबूनच नाई राह्यलं."

"शुद्धीवर आहे का?"

"बोलते जी. पन सारखी झोपून राह्यली."

बाळामागची वार आत अडकली की रक्त थांबत नाही. रक्त जात असताना बाईला झोप यायला लागली की समजायचं, वेळ फार उरलेला नाही. इंजेक्शनच्या कुप्या कापसात गुंडाळून बॅगेत टाकल्या, लुगडं खोचलं आणि निघाले.

चढ चढून डोंगराचा माथा ओलांडला तोवर ऊन होतं. मग वारा एकदम पडला. उजेड पिवळट झाला, ढग इतका खाली आला की समोरची झाडं दिसेनात, आणि गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या. बॅग पोटाशी धरून मी एका मोहाच्या बुंध्याला चिकटले. डोकं फुटलं तर टाके घालता येतात, कुप्या फुटल्या तर काय करणार होते?

मारा जरा कमी झाला तेव्हा बाहेर आलो, तर वाट गायब. मघाचा काळा उतार सगळा पांढरा झालेला. वर धुकं. मंगरू जन्मापासून त्या डोंगरात हिंडलेला, पण तोही गोल फिरून पुन्हा त्याच मोहापाशी आला. मग मटकन खालीच बसला.

"नाई सापडून राह्यली बाई वाट. आता ढग उठेपर्यंत बसा लागते."

"बसायचं? आणि तिकडे ती?"

त्याने तोंड फिरवलं. तो रडत होता. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि खरं तर त्या आभाळाचा जास्त राग आला.

तेवढ्यात मला आवाज आला. धप्... धप्... उखळात धान कांडल्याचा. अगदी स्पष्ट, एका लयीत, डावीकडून खालून. गारा अजून तडतडत होत्या, तरी त्यातून तो नीट ऐकू येत होता. मला हायसं वाटलं. कांडण म्हणजे उखळ, उखळ म्हणजे घर, घर म्हणजे गाव!

"मंगरू, ऊठ. कोणीतरी कांडतंय. गाव इकडे आहे."

त्याने कान दिला. "मले तं कायच नाई येत ऐकू."

"मला येतंय ना. चल."

तो जागचा हलेना. त्याचा चेहरा बदलला होता. "बाई, गारा पडून राह्यल्या असल्या तं कोनी कांडत नाई आमच्याकडं. गार पडली का मुसळ आंगनात टाकून देतेत, गार थांबावी म्हनून. घरोघरी. आता साऱ्या गावाचे मुसळ बाहेर पडले असतीन. तुमाले जे ऐकू येऊन राह्यलं, ते गावाचं नोहय. त्याच्या मांगं जाऊ नका जी."

मी क्षणभर थांबले. भीती वाटली, खोटं का सांगू? पण इथे बसलो तर ती बाई जाणार हे नक्की होतं, आणि त्या आवाजामागे गेलो तर काय होईल ते नक्की नव्हतं. मला एवढं पुरेसं होतं.

"तू बस हवं तर. मी चालले," म्हणाले आणि उतरायला लागले.

गारांवरून पाय सटकत होते. दोनदा आपटले, बॅग मात्र सोडली नाही. मागून मंगरू येत होता, देवाचं नाव घेत. मध्ये एक नाला फुगलेला होता. आवाज पलीकडे होता म्हणून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो. मी थांबले की वाटायचं तो आवाज लांब जातोय, म्हणून थांबतच नव्हते. आणि मग ढग थोडा फाटला, तर समोर मंगरूच्या घराचं कुंपण! मंगरू बघतच राहिला. त्या बाजूने गावात यायची वाटच नव्हती म्हणे.

आवाज बंद झाला होता. अंगणात गारांच्या थरात मुसळ आडवं पडलं होतं. शेजारच्या अंगणातही, त्याच्या पलीकडच्या अंगणातही.

विचार करायला सवड नव्हती. झुरी, म्हणजे मंगरूची बायको, पांढरीफटक पडली होती, नाडी हाताला जेमतेम लागत होती. पण डोळे उघडे होते. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, शेवटी हात घालून वार काढली. रक्त थांबलं. झुरीच्या सासूने बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि मी चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुरीने पेज घेतली. आवाजात जीव आला होता. सासूला म्हणाली, "माय, काल कोन कांडून राह्यलं होतं वो? डोळा लागला का धप् करे. झोपूच नाई देल्लं मले."

सासू म्हणाली, "कोनी नाई बाई. मुसळ तं मीच टाकलं बाहेर." तिने काही ऐकलं नव्हतं. गावात विचारलं, कोणीच ऐकलं नव्हतं.

मी मनात उत्तरं शोधत होते. सुतारपक्षी असेल. दरीत पडणारं पाणी असेल. चढ चढून माझीच नाडी कानात वाजत असेल. हे शेवटचं मला पटतही आलं होतं... पण मग ती झुरीला कशी ऐकू गेली?

"आवाज कुठून येत होता गं?" मी तिला विचारलं. घरामागून, शेजारून, असं काहीतरी ती म्हणेल असं वाटलं होतं.

तिने हात उचलून डोंगर दाखवला. "तिकडून जी. पहिले लय दूर होता. मंग जवळ जवळ येत गेला. कुंपनापाशी आला अन् बंद झाला. मंग तुमी आल्या."