आठ वाजून दहा मिनिटं

डॉक्टरेट मिळाली आणि दोनच महिन्यांत मला धारवाडात, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, शिकवायला बोलावलं. गेस्ट लेक्चरर म्हणून, एका वर्षासाठी. त्याआधी सहा वर्षं मी घाटातल्या झाडांवरची दगडफुलं गोळा करत हिंडले होते. झाडांच्या खोडांशी बोलायची सवय होती, वर्गाशी बोलायची नव्हती. पहिल्या दिवशी शिपायानं मला एमएस्सीच्या मुलींच्या रांगेत उभं राहायला सांगितलं आणि मी मुकाट्यानं उभी राहिलेसुद्धा.

विभागप्रमुख सर निवृत्तीला आलेले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून कन्नडमध्ये समजावलं, "तुम्ही वयानं लहान दिसता. सुरुवातीला दोर आवळून धरा, नाहीतर ही पोरं डोक्यावर बसतील."

मी दोर आवळला. माझा तास सकाळी आठचा. आठ दहाला दार बंद, आणि त्याच मिनिटाला फोनवरून पोर्टलवर हजेरी. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. दार लावल्यावर वर्ग गप्प व्हायचा आणि मला वाटायचं, जमतंय आपल्याला.

एक मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस उशिरा यायची. पहिल्यांदा दारात येऊन म्हणाली, "बस लेट आतरी, मॅडम." मी कन्नडमध्येच सांगितलं, "मग तिच्या आधीची बस धर." तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं कधी दार वाजवलं नाही. मी समजले, कँटीनमध्ये जाऊन बसत असेल.

अडीच महिन्यांनी मी एक चाचणी घेतली. तिचा पेपर सगळ्यांत चांगला होता. त्यात तिनं सुपारीच्या खोडांवरच्या पांढऱ्या डागांबद्दल लिहिलं होतं. बागाईतदार तो रोग समजून औषध मारतात आणि ते असतं नुसतं दगडफूल. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी वर्गात बोलले होते, आणि पोर्टलप्रमाणे त्या दिवशी ही गैरहजर होती.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, ती उशीर झाला की बाहेर खिडकीजवळ उभी राहून लिहिते."

तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. ती एकदम मराठीत बोलायला लागली. मला अप्पांशी, माझ्या वडिलांशी, फोनवर मराठी बोलताना तिनं ऐकलं होतं. कलघटगीच्या पलीकडे तिचं गाव, घरात मराठीच. "पहिली बस येतानाच भरून येते, मॅडम. आमच्या फाट्यावर बऱ्याचदा थांबतच नाही. दुसरी धरली की इथं पोचायला सव्वाआठ होतात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. पहिल्या दिवशी."

दुसऱ्या दिवसापासून मी दार उघडं ठेवलं. पण सेमिस्टरचे जेमतेम चार आठवडे उरले होते. ती रोज आली तरी परीक्षेला लागणारे हजेरीचे पंचाहत्तर टक्के भरत नव्हते. पोर्टलवरची जुनी हजेरी बदलायला गेले तर ती कधीच लॉक झाली होती.

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ती वर्गात नव्हती, हे खरं ना?"

"वर्गाबाहेर होती, सर. पण ऐकत होती."

"बाहेरची हजेरी कुठं लावतात? हे बघा, दहा मिनिटांचा नियम तुमचा होता. आता आकडे विद्यापीठाचे झाले. तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही."

ऑफिसातल्या क्लार्कनं वाट दाखवली: मेडिकल सर्टिफिकेट आणलं तर सवलत मिळते. मी तिला तसं सांगितलं. "मी आजारी नव्हते, मॅडम," ती म्हणाली. माझी मान खाली गेली.

रात्री जेवताना अप्पांना सांगितलं. त्यांची सगळी नोकरी सरकारी खात्यात गेलेली. म्हणाले, "चूक माझी, असं सरळ लिहून दे वर." मी दोन पानं लिहिली. अर्ज पुढे गेला, एवढंच कळलं. रोज ऑफिसात विचारायची, क्लार्क रोज म्हणायचा, "नाळे बर्री," उद्या या.

परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी बोर्डावर लागली. तिचा नंबर त्यात होता. त्याच दिवशी स्टाफरूममध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, नव्या मॅडमचं हजेरीचं काम बघा, एक खोडाखोड नाही. कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यायले.

संध्याकाळी ती आली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. उशीर तर माझाच व्हायचा."

"पुढच्या वर्षी परत बसशील ना?"

"अण्णा म्हणतोय, बघू." अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, घरात त्याचाच शब्द चालायचा.

मग तिनं पिशवीतून प्रॅक्टिकलची वही काढली. सगळ्या आकृत्या पूर्ण होत्या. "तपासून द्याल?"

त्या वहीला आता कसलेच गुण मिळणार नव्हते, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून तपासायला बसले. एका आकृतीत नाव चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. शेवटच्या पानावर सही करून तारीख घातली. ती समोर उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही.