पुराचा दगड

माझी अक्कल कुठवर चालते, हे तुमच्यापासून लपवून काय करू? आमच्या सगळ्या गावाला ते ठाऊक आहे. चहा घ्या, सांगतो.

महाराजांच्या राज्यात गावोगाव शाळा निघत होत्या, तेव्हाची गोष्ट. पंचगंगेकाठच्या एका गावात मी मास्तर होतो. एका श्रावणात पूर आला आणि त्यात माझी बायको गेली. निघायचं कधी, हे आमचं वेळेवर ठरलंच नाही. पुन्हा कुणाच्या घरी असं होऊ नये, एवढंच त्यानंतर माझ्या डोक्यात राहिलं.

पाटलांना गाठलं. नदीच्या उतारावर, माझ्या खिडकीतून दिसेल असा एक दगड रोवला. त्याला पाणी लागलं की सगळ्यांनी गुरंढोरं घेऊन माळावर जायचं. चुन्याची खूण पावसात टिकली नसती, म्हणून तेलात शेंदूर कालवून दगडाला चांगला फासला.

आता तुम्हीच सांगा, शेंदूर फासलेला दगड आपल्याकडे किती दिवस नुसता दगड राहतो?

चौथ्या दिवशी त्याच्यापुढे नारळ फुटला. हा देव नाही, ही खूण आहे, असं मी चावडीवर सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. बायका ऐकून घेत, मान डोलवत आणि उदबत्ती लावून घरी जात. म्हटलं, असू दे. दगडावर नजर तरी राहील!

पुढच्या श्रावणात वर्षश्राद्धासाठी मी कागलला भावाकडे गेलो. आठ दिवसांनी परतलो, तर नदी फुगलेली आणि गाव बोचकी बांधून माळाकडे निघालेलं. मी खिडकीतून पाहिलं. दगड पाण्याच्या चांगला वर होता.

शेजारच्या हिराआजी दारात थांबल्या. "मास्तर, चला की."

"दगडाला पाणी लागलंय का?"

"न्हाय. पर त्यो दगूड..."

"मग थांबा," मी म्हणालो, आणि दगड का रोवला यावर त्यांना तिथल्या तिथे अख्खा पाठ दिला. आजींनी तो भिजत ऐकला, डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं. मास्तरास्नी सांगणारं आपुन कोण?"

दुपारी पाणी उंबऱ्याला आलं. दगड वरच. पाणी गुडघ्याला आलं. दगड वरच! मी माळ्यावर चढून बसलो. पण खरं सांगतो, मला शंका आली ती पाण्याची. दगडाची नाही.

शेवटी दस्तगीर नावाडी आला. नाव पलीकडच्या काठाला अडकलेली, म्हणून गूळ शिजवायची काहील पाण्यात सोडून, ती वल्हवत.

"दगडाला अजून पाणी लागलेलं नाही," मी वरूनच सांगितलं.

त्याने वल्हं थांबवलं. "मास्तर, तुमी कागलला गेलता, तवा दीड पुरुस उंच चौथरा बांधून त्येला वर बसिवलाय. देवाचं पाय भिजाय नगंत म्हून. चौथऱ्याची दगडं म्याच व्हायली."

मी आलो तेव्हा तो चौथरा निम्मा पाण्याखाली होता. पावसाच्या धारांत मला दिसला तो फक्त वरचा शेंदूर.

"मग गाव कशावरून निघालं?"

"नदीकडं बघून की," तो म्हणाला.

काहिलीत बसून मी माळावर पोचलो. सगळं गाव जिवंत होतं, कोंबड्यांसकट. कुणी हसलं नाही. पाटलांनी आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. गावात त्या दगडाला देव न मानणारा मी एकटा, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून बसलेलाही मी एकटाच.

त्या वर्षापासून गावाने पुराची नवी खूण ठरवली, आणि ती अजून चुकलेली नाही. मास्तर 'थांबा' म्हणाले की निघायचं.

गावाला हे एका पावसात उमगलं. आदल्या श्रावणात मी घरात म्हणालो होतो, 'थांब, पाणी चढत नाही.' तिनं माझं ऐकलं.