पांढरी चकती

कोपरखैरण्याच्या आमच्या गाळ्यात दसऱ्यानंतर सगळे प्रोब बिघडले. प्रोब म्हणजे पेनाएवढी नळी, आत केसासारख्या काचतंतूंची जुडी. औषधाच्या कारखान्यात ती भुकटीत खुपसतात. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश भुकटीत शिरतो आणि आत ओल किती उरली ते परत येऊन सांगतो. इतकी वर्षं हेच करतोय, तरी मला ते अजून खरं वाटत नाही.

तंतूंची टोकं घासून लखलखीत करायच्या त्या कामोठ्याच्या ताई. प्रोब एकामागून एक नापास होऊ लागले, तसा मालकांचा, म्हणजे आमच्या साताऱ्याच्या साहेबांचा, संशय घासणीवर गेला. ताईंना ते रागावले नाहीत, फक्त आता विश्रांती घ्या म्हणाले. काय समजायचं ते ताई समजल्या.

"डोलेच गेले माझे," त्या मला म्हणाल्या. "नवी पोरगी बघा आता."

मला साहेबांचा भयंकर राग आला. ताईंनी घासलेली टोकं मी भिंगाखाली पाहिली होती. ओरखडा औषधालाही नव्हता.

मग मी सगळ्या प्रोबच्या चाचणीचे आलेख एकावर एक ठेवले. घासणी बिघडली असती तर प्रत्येक प्रोब आपापल्या परीनं चुकला असता. इथे सगळे एकाच जागी, एकसारखे चुकत होते. सगळ्यांना लागलेली वस्तू एकच: ज्या चकतीवर धरून आम्ही प्रत्येक प्रोबला पांढरं म्हणजे काय ते शिकवतो, ती. दिसायला ती अगदी स्वच्छ होती. सीलबंद ठेवलेली दुसरी चकती काढून पुन्हा शिकवलं, तर रेघ सरळ आली.

जुन्या चकतीच्या आलेखात एक खळगा होता, तेलाची खूण. हातमोज्याशिवाय तिला शिवायचं नाही, हा साहेबांचाच नियम. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, दसऱ्याला समई लावून यंत्रांची पूजा केली आणि त्याच हातानं चकतीला बोटं टेकवून नमस्कार केला.

बोटं टेकवून कपाळाला लावायची, एवढाच काय तो स्पर्श. प्रकाशाला तो दिसला होता. आलेखातल्या त्या खळग्याकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला.

ताईंचा तो शेवटचा दिवस होता. साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी गेले. "चूक माझ्या हाताची हाय, ताई. तुमच्या डोळ्यांची न्हाई."

ताईंनी दोन्ही रेघा दाखवायला सांगितल्या, पडद्याशी वाकून नीट पाहिल्या. मग सुनेला फोन लावला.

"उद्या पन डबा लागंल मला," त्या म्हणाल्या.